शाळेच्या पटांगणात नेमके काय असावे, म्हणजे मुले तिथे रमतील?

परळचा_पालक

नमस्कार. माझी मुलगी परळ भागातील एका अनुदानित मराठी शाळेत सहावीत शिकते आणि यंदा मी तेथील पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारिणीवर आहे. माजी विद्यार्थ्यांनी पटांगणाच्या सुधारणेसाठी निधी गोळा केला असून त्यासाठी दोन प्रस्ताव आले आहेत. एक, संपूर्ण पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत. दुसरा, त्याऐवजी कृत्रिम हिरवळ अंथरावी. दोन्हींची सुबक रंगीत चित्रे बैठकीत दाखवण्यात आली. चित्रांत पटांगण स्वच्छ होते, मात्र त्यात एकही मूल नव्हते, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

पटांगण साधारण ४० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद आहे. पश्चिमेला आणि उत्तरेला तीन मजली इमारत, दक्षिणेला भिंत, पूर्वेला रस्ता आणि कुंपणालगत एक जुना पर्जन्यवृक्ष, अशी रचना आहे. जमीन मुरमाची असून जून ते सप्टेंबर तिथे चिखल असतो. शाळा दोन अधिवेशनांत भरते आणि प्रत्येक अधिवेशनात सहाशेच्या आसपास मुले असतात. म्हणजे मधल्या सुट्टीत एका मुलाच्या वाट्याला दीड चौरस मीटरही येत नाही. एवढ्या जागेत मुलांना समाधान वाटेल असे काही करता येते का, आणि ते समाधान ओळखावे कसे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौक_आणि_पडवी

मी वास्तुरचनाकार आहे आणि गेली काही वर्षे शाळांच्या इमारतींची कामे करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगतो. शाळेचे पटांगण आखताना आम्ही लोक नेहमी मध्यभागाचा विचार करतो, कारण नकाशात तोच रिकामा आणि मोठा दिसतो. मुले मात्र कडेला राहतात. पायरी, कठडा, खांबाची आडोशाची बाजू, नळाजवळचा ओटा, झाडाचे खोड, कुंपणाचा कोपरा या जागी टेकायला, लपायला आणि चौघांनी मिळून बोलायला सोय असते. मधल्या सुट्टीत ज्या मुलाला धावायचे नाही त्याला कुठे जाता येते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो, आणि अशी मुले थोडी नसतात. रेखाटनावर ४० मीटरचे पटांगण दिसते, परंतु मुलांच्या उपयोगाचे पटांगण म्हणजे त्याची सव्वाशे मीटरची कड असते. ही कड सरळ भिंतीची असेल तर सहाशे मुलांना मध्यभागी एकमेकांवर आदळण्याखेरीज पर्याय उरत नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. आपली शाळा दोन अधिवेशनांची आहे हे फार महत्त्वाचे आहे, कारण एकाच पटांगणाची ती दोन वेगळी पटांगणे आहेत. सकाळी दहाच्या सुट्टीत सूर्य पूर्वेकडे असतो, त्यामुळे पश्चिमेच्या इमारतीची सावली पटांगणात पडतच नाही. सावली मिळते ती फक्त त्या पर्जन्यवृक्षाची. दुपारी साडेतीनला नेमके उलट होते. झाडाची सावली कुंपणाबाहेर रस्त्यावर जाते आणि पश्चिमेच्या इमारतीची सावली पटांगणाचा बराच भाग व्यापते. येथे थोडे विषयांतर करतो. आपली घड्याळे ज्या रेखांशावर चालतात त्याच्या मुंबई बरीच पश्चिमेला आहे, त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो. १९५५ पर्यंत या शहरात 'बॉम्बे टाइम' वापरात होता, तो याच फरकाचा होता. म्हणून दुपारी साडेतीनला, घड्याळ काहीही म्हणो, सूर्य तीनच्याही आधीचा असतो आणि ऊन चांगलेच कडक असते. पेव्हर ब्लॉक असोत वा हिरवळ, दोन्ही प्रस्तावांत सावलीचा शब्द नसेल तर ते अपुरे आहेत. कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग भर उन्हात ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, असे अनेक ठिकाणच्या मोजमापांत आढळले आहे.

तिसरी गोष्ट पावसाची. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आपले शैक्षणिक वर्ष नेमके जूनमध्ये सुरू होते. नव्या वर्गाची, नव्या बाकाची, नव्या मैत्रीचे जे पहिले तीन महिने असतात, त्यांत पटांगण बंद असते. त्या काळात मुलांना वर्गाबाहेरची जागा म्हणून काय मिळते, हे मला पटांगणाच्या फरशीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. कोकणातल्या घराला पडवी का असते, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या इमारतीला तळमजल्यावर व्हरांडा आहे का, आणि असल्यास तो सुट्टीत मुलांसाठी खुला असतो का, हे कृपया कळवावे.

परळचा_पालक

व्हरांडा आहे, चांगला अडीच मीटर रुंद आहे. परंतु सुट्टीत त्याचे जाळीचे सरकते दार बंद असते, कारण मुले वर्गात परत शिरतात आणि चोऱ्या होतात अशी तक्रार होती.

मोठी_सुट्टी

मी ३१ वर्षे प्राथमिक शिक्षिका होते, त्यातली बरीच वर्षे मध्य मुंबईत गेली. ते जाळीचे दार बंद करणाऱ्यांमध्ये मीही होते, हे आधीच कबूल करते. वास्तुरचनाकारांचे म्हणणे खरे असले तरी त्यांनी सुट्टीत राखणीला उभे राहिलेल्या शिक्षिकेच्या जागी उभे राहून एकदा पाहावे. सहाशे मुले आणि तीन शिक्षिका. एखाद्याचा हात मोडला तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दालनात असतात, आणि पहिला प्रश्न असतो, "बाई तेव्हा कुठे होत्या?" त्यामुळे आम्हाला कोपरे नको असतात, आडोसे नको असतात, झाडावर चढलेले मूल तर मुळीच नको असते. एका नजरेत सगळे पटांगण दिसले पाहिजे, हीच आमची अपेक्षा असते. पटांगणे उजाड होण्यामागे पैशाच्या अभावाइतकीच ही भीती आहे.

तरीही सांगते की निवृत्तीनंतर माझे मत बदलले आहे. आम्ही अध्यापक विद्यालयात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाबद्दल शिकलो होतो. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी अंगणात बालवाडी भरवली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. परीक्षेत त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले आणि नोकरीला लागल्यावर मुलांना हाताची घडी घालून रांगेत बसवून डबा खायला लावले! मूल जिथे आहे तिथली जागा शिकण्यायोग्य आहे, हा त्यातला साधा विचार आमच्या शाळेच्या जिन्यापर्यंतही पोहोचला नाही.

परळच्या पालकांना एक विनंती करते. पटांगणात काय बसवायचे ते ठरवण्याआधी सध्या तिथे कशाकशाला मनाई आहे याची यादी शिक्षकांकडून मागून घ्यावी. आमच्याकडे ओट्यावर बसायला मनाई होती, झाडाखाली डबा खायला मनाई होती, कारण मुंग्या येतात, आणि पहिली-दुसरीच्या मुलांना मध्यभागी जायला मनाई होती.

शंकासुर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मला एक मूलभूत शंका आहे. पटांगणाच्या रचनेने विद्यार्थ्यांचे समाधान वाढते, हे विधान आपण गृहीत धरूनच पुढे निघालो आहोत. मुलाला शाळा आवडते ती मित्रांमुळे, एखाद्या शिक्षकामुळे किंवा मार न बसल्यामुळे. त्यात पटांगणाचा वाटा किती? शिवाय समाधान मोजणार कसे? शाळेत हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांचे कागद वाटले आणि शेजारी बाई उभ्या असल्या तर प्रत्येक मूल हसऱ्या चेहऱ्यावरच खूण करील. उद्या हिरवळ घातली की पहिले पंधरा दिवस सगळे आनंदात असतील आणि आपण म्हणू की प्रयोग यशस्वी झाला. आणि शेवटची शंका अशी की शिवाजी पार्क तिथून फार लांब नाही, मग शाळेच्या तुटपुंज्या जागेवर एवढा खर्च कशासाठी?

चौक_आणि_पडवी

शंकासुर यांच्या शंका योग्य आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

या विषयावर जे अभ्यास विश्वासार्ह आहेत त्यांतले बहुतेक समाधान मोजत नाहीत. ते एकाग्रता, ताण आणि स्मरणशक्ती मोजतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डाँगयिंग ली आणि विल्यम सलिव्हन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच माध्यमिक शाळांमधील ९४ विद्यार्थी होते. काहींना खिडकी नसलेल्या वर्गात, काहींना इमारती दिसणाऱ्या खिडकीच्या वर्गात आणि काहींना झाडे दिसणाऱ्या खिडकीच्या वर्गात बसवले होते. काम केल्यानंतर छोटी सुट्टी दिली, तेव्हा झाडे दिसणाऱ्या वर्गातील मुलांचा ताण अधिक उतरला आणि लक्ष अधिक चांगले परतले. लक्षात घेण्याजोगे असे की काम चालू असताना फरक दिसला नाही, तो सुट्टीनंतर दिसला. बार्सिलोनामध्ये ३६ प्राथमिक शाळांतील २,५९३ मुलांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या आवारात आणि सभोवती हिरवाई अधिक असलेल्या मुलांची कार्यरत स्मृती, म्हणजे काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता, अधिक वेगाने वाढली, परंतु त्या फरकाचा मोठा भाग हवेतील प्रदूषण कमी असल्यामुळे होता, असेही त्याच संशोधकांनी नोंदवले आहे. म्हणजे झाड दिसते म्हणून की धूर कमी म्हणून, हे दोन धागे पूर्णपणे सुटे करता आलेले नाहीत.

यांतून "पटांगण सुधारा, मुले समाधानी होतील" असा सरळ निष्कर्ष निघत नाही, हे मी मान्य करतो. माझ्या अनुभवावरून मी इतकेच म्हणेन की पटांगणामुळे शाळा आवडू लागते की नाही ते सांगणे कठीण, पण पटांगणामुळे शाळा नकोशी होताना मात्र मी पाहिले आहे. ज्या मुलाला सुट्टीत कुठे उभे राहावे हे कळत नाही, त्याच्यासाठी ती वीस मिनिटे दिवसातली सर्वांत लांब असतात.

मोजण्याबद्दल असे की मुलांना विचारू नये, मुलांकडे पाहावे. पटांगणाच्या नकाशाच्या प्रती काढाव्यात आणि सुट्टी सुरू झाल्यावर ठरावीक मिनिटांनी कोण कुठे आहे आणि काय करीत आहे, त्याच्या खुणा कराव्यात. मुलगे, मुली, लहान, मोठे यांना वेगळ्या खुणा असाव्यात. आठवडाभराच्या खुणा एकमेकांवर ठेवल्या की पटांगण खऱ्या अर्थाने दिसू लागते. त्यानंतर मुलांकडून चित्रे काढून घ्यावीत, पण "तुम्हाला काय हवे" असे विचारू नये, कारण मग घसरगुंडी आणि जलतरण तलाव येतात. "तुम्ही सुट्टीत कुठे जाता आणि कुठे जात नाही" एवढेच विचारावे.

शिवाजी पार्कसारख्या सार्वजनिक मैदानांबद्दल थोडक्यात. १९८८ च्या हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली ती आझाद मैदानावर. मुंबईच्या शाळांनी सार्वजनिक मैदानांच्या जोरावर मोठे खेळाडू घडवले हे खरेच आहे. पण ती सोय संघात निवडलेल्या मुलांची होती. उरलेल्या साडेपाचशे मुलांना वीस मिनिटांच्या सुट्टीत रस्ता ओलांडून मैदानावर नेता येत नाही.

नेत्रचिकित्सक

फक्त एक मुद्दा जोडतो. चीनमधील ग्वांगझू येथे बारा शाळांत तीन वर्षे प्रयोग झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष (लांबचे अंधुक दिसणे) आला होता, उरलेल्या शाळांत तो ३९.५ टक्के मुलांना आला. हा परिणाम बाहेरच्या प्रकाशाचा मानला जातो आणि झाडाच्या सावलीतही वर्गापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश असतो. म्हणून सावली केल्याने फायदा जाईल अशी भीती नसावी. मूल बाहेर थांबले पाहिजे आणि ते उन्हात थांबणार नाही.

लंगडीपटू

मी सध्या महाविद्यालयात आहे, म्हणजे या चर्चेत मधली सुट्टी सर्वांत अलीकडे अनुभवलेली बहुधा मीच आहे. आमच्या शाळेचे पटांगण मोठे होते आणि शाळा सोडेपर्यंत मी त्याच्या मध्यभागी फक्त कवायतीच्या वेळी आणि स्नेहसंमेलनाच्या सरावाला उभी राहिले. सुट्टीत तिथे एकाच वेळी क्रिकेटचे चार डाव चालायचे. कुणाचा चेंडू कुणाच्या डावात गेला हे त्यांना कसे कळायचे ते देव जाणे, पण आम्ही मुली मध्ये गेलो की "बाजूला व्हा" हे मात्र चारही डावांतून एकदम ऐकू यायचे. मी जिल्हा पातळीवर लंगडी खेळलेली मुलगी आहे, धावायला मला आवडते. तरीही आम्ही पाचजणी रोज जिन्याखाली उभ्या राहून डबा खायचो. "मुलींना बसून गप्पा मारायलाच आवडतात" असे आमच्या सरांचे मत होते. उभे राहायला दुसरी जागाच नव्हती, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

म्हणून खुणा करताना माझी विनंती आहे की मुली कुठे आहेत एवढेच टिपू नका, त्या तिथे उभ्या आहेत की बसलेल्या आहेत हेही टिपा. बाकांबद्दलही एक सांगते. भिंतीलगत एका रांगेत बाक ठेवले तर त्यावर दोघींना बोलता येते, चौघींना नाही; चौथीला पुढे उभे राहावे लागते. बाक काटकोनात ठेवावेत. आणि कुणी खो-खोचे कायमचे मैदान आखायचे सुचवले तर आधी हिशेब करावा. प्रौढांचे पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, म्हणजे आपले निम्मे पटांगण दोन संघांना गेले. लंगडी, विषामृत, साखळी, लगोरी या खेळांना आखलेल्या रेघा लागत नाहीत. ज्या बाजूला क्रिकेट नाही अशी एक बाजू मात्र लागते.

मोठी_सुट्टी

लंगडीपटू, तुझे लिखाण वाचून मन थोडे खजील झाले. जिन्याखाली उभ्या राहणाऱ्या मुलींना मीही अनेकदा "इथे काय घोळका करून उभ्या आहात" म्हणून हटकले आहे.

खडी_वाळू

मी स्थापत्य अभियंता आहे. चिखलाबद्दल बोलतो, कारण पेव्हर ब्लॉकचा प्रस्ताव चिखलामुळेच आला असणार. पालकांची पांढऱ्या बुटांची तक्रार, सफाई कर्मचाऱ्यांची वर्गातल्या मातीची तक्रार, आणि मग ठेकेदार सांगतो की ब्लॉक घाला. वास्तविक मुरमाचा चिखल होतो तो पाणी साचल्यामुळे. पटांगणाला शंभरात एक असा उतार हवा आणि उताराच्या खालच्या कडेला खडीचा चर हवा, ज्यात छिद्रांचा पाइप असेल आणि तो पालिकेच्या पर्जन्य जलवाहिनीला जोडलेला असेल. वर्षानुवर्षे मुले धावून आणि झाडून झाडून मध्यभागी खळगा होतो. तिथे दर उन्हाळ्याच्या सुट्टीत नवा मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. हा खर्च ब्लॉकच्या मानाने पुष्कळ कमी असतो, पण तो दरवर्षी करावा लागतो आणि त्याची कोनशिला लावता येत नाही, ही खरी अडचण आहे. निधी एकदाच मिळतो, देखभालीला कुणी देत नाही.

ब्लॉक सरसकट वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. प्रवेशद्वारापासून व्हरांड्यापर्यंतची वाट, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, जिथे पाणी सांडते आणि वर्दळ असते, तिथे ते योग्यच आहेत. झाडाच्या बुंध्यापर्यंत मात्र नेऊ नका.

बकुळीचा_सडा

झाडाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

पर्जन्यवृक्षाच्या मुळाशी काँक्रीट किंवा ब्लॉक घट्ट बसवले की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, चार-पाच वर्षे झिजते, आणि मग एका वादळात पडते तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो. दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर त्रिज्येतले काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. एवढ्या मोठ्या झाडाला मी त्याहून अधिक जागा सोडीन. छाटणी हवी असल्यास १९७५ च्या राज्याच्या वृक्ष जतन कायद्यानुसार पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी घ्यावी लागते. छाटणी केवळ एका बाजूने करू देऊ नये, त्याने झाडाचा तोल जातो.

नवी झाडे लावायची असतील तर गुलमोहर आणि सोनमोहर शाळेत नकोत, त्यांच्या फांद्या पावसाळ्यात सहज मोडतात. कण्हेर आणि पिवळी बिट्टी तर कुंपणालाही नको, कारण दोन्ही विषारी आहेत आणि लहान मुले बिट्टीच्या बियांनी खेळतात. माझी पसंती बकुळीला आहे. ती सावकाश वाढते हा दोष आहे, पण तिची सावली दाट आणि बारमाही असते, आणि खाली पडलेली फुले वेचणे हा स्वतंत्र खेळच असतो. ज्यांना घाई आहे त्यांनी देशी बदाम लावावा. तो भराभर वाढतो, फांद्या छत्रीच्या थरांसारख्या आडव्या पसरतात, आणि दगडाने बदाम फोडून खाणे ज्यांनी केले आहे त्यांना शाळा विसरली तरी ते झाड विसरत नाही. मोठ्या लाल पानांचा कचरा होईल हे आधीच सांगून ठेवते. जागा निवडताना सकाळच्या अधिवेशनासाठी पूर्व आणि आग्नेय कड लक्षात ठेवावी, कारण दुपारची सावली इमारत देतेच.

उतरंड

सर्वांच्या सूचना चांगल्या आहेत, परंतु माझा मुलगा चाकांच्या खुर्चीवर शाळेत जातो, म्हणून एक विचारतो. मुरमाच्या पटांगणात तो कसा जाईल? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण जसे आहे तसेच अडथळाविरहित प्रवेशही आहे. त्याच्या शाळेत रॅम्प आहे, पण तो मुख्याध्यापकांच्या दालनापर्यंतच जातो. सुट्टीत तो रॅम्पच्या टोकाला थांबतो आणि मित्र खेळून परत येईपर्यंत वाट पाहतो.

खडी_वाळू

आपला मुद्दा माझ्याकडून राहून गेला, क्षमस्व. व्हरांड्यापासून झाडापर्यंत आणि पुढे कडेकडेने दीड मीटर रुंदीची ब्लॉकची पक्की वाट जमिनीच्या समपातळीत ठेवावी, कुठेही पायरी नसावी. दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकतील म्हणून बाकांपाशी ती अधिक रुंद करावी. ही वाट झाडापाशी संपू नये. ती फिरून परत व्हरांड्याला मिळावी, म्हणजे मुलाला टोकाला थांबून राहावे लागणार नाही.

परळचा_पालक

तीन आठवड्यांनंतर लिहितो आहे. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली आणि आम्ही चार पालकांनी दोन्ही अधिवेशनांत प्रत्येकी पाच दिवस खुणा केल्या. वास्तुरचनाकारांचे म्हणणे बहुतांशी खरे ठरले, पण काही गोष्टी आम्हा कुणालाच अपेक्षित नव्हत्या.

सकाळच्या सुट्टीत पर्जन्यवृक्षाखाली इतकी गर्दी होती की कागदावर खुणा करायला जागा पुरेना. मध्यभागी क्रिकेट, आणि पटांगणाचा नैऋत्येकडचा भाग रोजच जवळजवळ रिकामा. तिथे ऊन तर होतेच, शिवाय भंगार बाकांची चळत होती. दुपारी प्राथमिकची मुले पश्चिमेच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली दिसली आणि झाडाकडे कुणी फिरकले नाही. एकच झाड, सकाळी सर्वांना हवे आणि दुपारी कुणालाच नको. सावलीचे गणित इतके उघड असेल असे वाटले नव्हते. मुलींबद्दल लंगडीपटू यांनी लिहिले तेच दिसले. सातवीच्या पुढच्या बहुतेक मुली बंद जाळीच्या दाराला टेकून उभ्या होत्या. बसलेल्या फार थोड्या.

चित्रांतून निराळेच कळले. पाचवीतल्या बऱ्याच मुलांनी न जाण्याची जागा म्हणून शौचालयामागची बोळ दाखवली, ते समजण्यासारखे होते. पण काही मुलांनी व्यासपीठावरही फुली मारली. विचारल्यावर एक मुलगा म्हणाला की तिथे उशिरा आलेल्यांना उभे करतात. आमच्या आराखड्यात त्याच व्यासपीठावर छप्पर घालून पावसाळी बैठक करायचे ठरत होते! लाखभर रुपये घालून आम्ही मुलांना शिक्षेच्या जागी बसवणार होतो.

मनाईची यादीही शिक्षकांनी मोकळेपणाने दिली. ती सतरा कलमांची निघाली आणि वाचताना त्यांनाच हसू आले.

शंकासुर

व्यासपीठाचा तपशील वाचून माझी शंका पूर्ण फिटली नसली तरी सैल झाली. जागेचे समाधान जागेच्या आठवणीशी बांधलेले असते, हे मी लक्षात घेतले नव्हते. तरीही बदल झाल्यावर लगेच नव्हे, तर नवेपणा ओसरल्यावर, पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा खुणा कराव्यात असा माझा आग्रह राहील.

चौक_आणि_पडवी

शंकासुर यांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. पॅरिस शहराने २०१८ पासून शाळांच्या डांबरी अंगणांमधले डांबर उखडून तिथे माती, झाडे, सावली आणि पाणी जिरण्याची जागा करायला सुरुवात केली. आपण उलट दिशेने माती झाकायला निघालो होतो, ते थांबले तरी मोठी गोष्ट झाली.

परळचा_पालक

कार्यकारिणीची बैठक कालच झाली. कृत्रिम हिरवळ रद्द झाली. पटांगणाला उतार आणि खडीचा चर देऊन नवा मुरूम टाकायचा, कडेने ब्लॉकची वाट करायची, झाडाभोवती दोन मीटर माती मोकळी सोडून मग बाक ठेवायचे, आणि नैऋत्येकडचे भंगार काढून तो भाग क्रिकेटविना ठेवायचा, असे ठरले. आग्नेय कडेला दोन बकुळी आणि एक बदाम जूनमध्ये लागतील. जाळीच्या दाराबाबत मात्र वाद झाला. शेवटी वर्गांना कुलूप लावून व्हरांडा उघडा ठेवायचा, आणि तोही आधी फक्त पावसाळ्याचे चार महिने, यावर तडजोड झाली. क्रिकेट कोणत्या वारी बंद ठेवायचे यावर एकमत झाले नाही. त्या बैठकीला नववीचे दोन विद्यार्थी प्रतिनिधी बोलावले होते आणि दोघेही फलंदाज निघाले.

माजी विद्यार्थ्यांपैकी एका गृहस्थांनी विचारले की चर जमिनीखाली गेल्यावर देणगीदारांच्या नावाची पाटी कुठे लावायची. खडी_वाळू यांची आठवण झाली.

आता शेवटचा प्रश्न. बाक दोन्ही अधिवेशनांची मुले वापरणार आहेत, पहिलीतलीही आणि दहावीतलीही. उंची किती ठेवावी?

चौक_आणि_पडवी

एकच उंची ठेवू नये. पहिलीतल्या आणि दहावीतल्या काही मुलांना खुर्चीवर बसवून, गुडघ्यामागच्या खोलगटापासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजून घ्यावे आणि त्याप्रमाणे दोन उंचींचे बाक काटकोनात जोडावेत. तळवे जमिनीला टेकले नाहीत तर मूल पाच मिनिटांत उठते.

मोठी_सुट्टी

आणि मोजताना पायातले बूट काढायला सांगू नका. सुट्टीत ती बुटांसकटच बसणार आहेत.